कार्ड नसलेली किल्ली

तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत निळ्या काठाचा एक छोटा कप आहे. तुमची आई त्यात रबरबँड ठेवते. मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, ह्या कपाला कान का नाही?" तो अंड्याचा कप आहे. उकडलेलं अंडं त्यात उभं ठेवतात आणि चमच्यानं खातात. आपल्या घरात तसं अंडं कधी कुणी खाल्लं नाही, तरी असे सहा कप आपल्याकडे होते. पाच फुटले. हे कप आले कुठून, ते सांगायचं तर मला थोरल्या शेठबद्दल सांगावं लागेल, आणि ते फोनवर सांगण्याइतकं लहान नाही. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

नव्वदच्या दशकात मी बहारीनमध्ये, मनामाच्या जुन्या बाजारातल्या एका तीन मजली दुकानात नोकरी करत होते. तुमच्या आजोबांची नोकरी ॲल्युमिनियमच्या कारखान्यात होती आणि आम्ही नईमला राहत होतो. तिथून दुकान चालत पंधरा मिनिटांवर. माझ्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार होता. परदेशी कंपन्यांना ऑर्डरी पाठवायच्या, आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची, आणि शेठ सांगतील ते टाईप करायचं.

दुकान ज्यू कुटुंबाचं होतं. शेठचे वडील आणि चुलते तरुणपणी बगदादकडून बसऱ्यामार्गे आले, तेव्हा त्यांच्याजवळ पाठीवर मावेल एवढंच सामान होतं. सुया, रिबिनी, बटणं, साबण. आधी ते घरोघर फिरले, मग बाजारात एक खोली घेतली, मग शेजारची. मी गेले तेव्हा खाली अत्तरं आणि भांडी, पहिल्या मजल्यावर कापड, वर खेळणी आणि ऑफिस, आणि मधोमध जाळीच्या दाराची लिफ्ट. बहारीनच्या कितीतरी आज्या लहानपणी ती लिफ्ट बघायला म्हणून दुकानात आल्या होत्या, असं त्या स्वतः मला सांगत. कुटुंबातले बहुतेक लोक पुढे एकेक करून लंडनला गेले. शेठ गेले नाहीत. का, असं विचारलं की म्हणत, "सगळे गेलो तर सकाळी शटर कोण उघडणार?"

शेठ तेव्हा सत्तरीच्या पुढचे. बुटके, ताठ, पांढराशुभ्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट. शाळेची दोन वर्षं त्यांनी मुंबईला नातेवाइकांकडे काढली होती, त्यामुळे हिंदी अगदी मुंबईची. आमच्याशी ते तीच बोलत, मधूनच इंग्रजी आणि अरबी. इथे मी सगळं मराठीत लिहिते.

लिफ्टमध्ये ते पाय ठेवत नसत. गिऱ्हाईक लिफ्टनं निघालं की हे जिन्यानं निघत आणि वर पोचून दार उघडायला उभे. धाप लागलेली असे, पण चेहऱ्यावर ते दाखवत नसत. खजूर खाल्ला की बी खिशात टाकत. संध्याकाळी खिसे जड झालेले असत. रविवारी सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम म्हणजे कापडाच्या काउंटरवरच्या सगळ्या मीटरपट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या करून तपासायच्या. पितळी पट्ट्या एका आठवड्यात वाढत नाहीत की घटत नाहीत, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

आणि विकायची तऱ्हा! एकदा एक बहारीनी बाई भावजयीसाठी डिनर सेट बघत होत्या. शेठ मागून आले.

"हा घेऊ नका."

"का हो चाचा? छान तर आहे."

"छान आहेच. पण तुमच्या भावजयीला मी ओळखतो. ती म्हणणार, स्वस्तातला आणला. मग तुम्ही माझ्यावर चिडणार. त्यापेक्षा टॉवेल द्या. टॉवेलवर भांडण होत नाही."

बाई हसत हसत टॉवेल घेऊन गेल्या. त्यांच्या सुना, लेकी, सगळ्या पुढे आमच्याचकडे येत राहिल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा पासपोर्ट मागितला, व्हिसाचं पान बघितलं, आणि लगेच परत दिला.

"घरी ठेव. साड्यांखाली ठेव, पिठाच्या डब्यात ठेव. पण ह्या दुकानात पुन्हा आणायचा नाही."

मी चकित झाले. त्या काळात तिथे बहुतेक मालक नोकरांचे पासपोर्ट स्वतःच्या तिजोरीत ठेवत. आजोबांचाही कारखान्याच्या ऑफिसातच होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बाजारातले दुसरे व्यापारी शेठना चिडवायचे, "तुमची माणसं एक दिवस विमानात बसून निघून जातील, तुम्ही बसा मीटरपट्ट्या मोजत." शेठ म्हणत, "जाऊ देत. ज्याला जायचंय त्याला जाता आलं पाहिजे." आणि विषय बंद करत. हा त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा, असंच मी धरून चालले.

आता कपाटाकडे येते.

ऑफिसच्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, काचेचं एक उंच कपाट होतं. त्यात विकायची एकही वस्तू नव्हती. प्रत्येक वस्तू म्हणजे दुकानात झालेली एकेक चूक. सर्वांत वर एक काळी पडलेली, पापडासारखी कडक झालेली रबरी पिशवी होती. शेठच्या वडिलांनी पहिल्यांदा परदेशातून माल मागवला, तेव्हा कॅटलॉगमधलं चित्र बघून त्यांना वाटलं की ह्या बर्फ ठेवायच्या पिशव्या, उन्हाळ्यात हातोहात जातील. आल्या त्या गरम पाण्याच्या पिशव्या. बहारीनमध्ये, जूनमध्ये. खाली दोन्ही पायांचे डावेच असलेले बूट होते, आकडे उलटे छापलेलं एक भिंतीवरचं घड्याळ होतं, आणि असंच काय काय. प्रत्येकापुढे एक टाईप केलेलं कार्ड. त्यावर काय झालं ते दोन-तीन ओळींत, आणि खाली दोन सह्या. एक, ज्याची चूक त्याची. दुसरी, ज्याला ती निस्तरावी लागली त्याची. दोन्ही सह्या झाल्याशिवाय वस्तू कपाटात जात नसे. एकदा गेली, की त्या चुकीबद्दल दुकानात कुणी कुणाला पुन्हा बोलायचं नाही. हा थोरल्या शेठच्या वडिलांनी घातलेला नियम.

मी लागून तीन महिने झाले असतील. अंड्याच्या कपांची ऑर्डर टाईप करताना माझ्या हातून डझनाच्या जागी ग्रोस गेलं. ग्रोस म्हणजे बारा डझन. चूक मला फॅक्स गेल्यावर चार दिवसांनी दिसली. मी कॉपी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि ती पर्स उशाला घेऊन झोपत होते. मग एका सकाळी खोकी यायला लागली. जिना भरला, लिफ्ट भरली. मी शेठपुढे जाऊन उभी राहिले आणि पर्समधला कागद काढून दिला.

"किती दिवस होता हा पर्समध्ये?"

"तेव्हापासून. आठवडे झाले."

"मग तेही कार्डावर लिही. कप ही चूक छोटी आहे. पर्स ही मोठी."

दुसरी सही कापडाच्या काउंटरवरच्या भाईंची झाली, कारण कप विकायची युक्ती त्यांनी काढली. काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पितात ना, त्या बिनकानाच्या पेल्यांशेजारी त्यांनी कप मांडले, आणि म्हणाले, "पाय असलेला पेला, बाय. मेहमानाला खास." संपायला दोन वर्षं लागली. शेवटचे सहा मी घेतले.

हे भाई रत्नागिरी जिल्ह्यातले, खेडकडचे कोकणी मुसलमान. दुकानात सर्वांत जुने. विशीत आले होते ते आता पन्नाशीच्या पलीकडे. उंच, कमी बोलणारे, कात्री चालवायला लागले की कापड आपोआप दुभंगत चाललंय असं वाटे. मला ते "बाय" म्हणत, सख्ख्या धाकट्या बहिणीला म्हणावं तसं.

त्या कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर, एका कोपऱ्यात एक जाड लोखंडी किल्ली होती. तिच्यापुढे कार्ड नव्हतं. मी भाईंना विचारलं होतं. ते म्हणाले, "ती राहू दे, बाय." मी राहू दिली.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे तिथे आले.

त्या दशकाच्या शेवटाकडे सनाबिसच्या बाजूला मोठमोठे मॉल उभे राहिले. जुन्या बाजारात गाडी लावायला जागा मिळेना, गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. शेठचे पुतणे लंडनहून आले. आम्ही त्यांना धाकटे शेठ म्हणत असू. हुशार माणूस, कष्टाळूही. दुकान मॉलमध्ये न्यायचं त्यांनी ठरवलं आणि थोरल्या शेठनी, मला वाटलं होतं त्यापेक्षा सहज, हो म्हटलं. धाकट्या शेठनी मला सांगितलं, की नव्या दुकानात भिंतीवर आपला इतिहास लावायचा आहे, एक पान छान इंग्रजीत लिहा. मी लिहिलं. दोन भावांचं धाडस, सचोटी, तीन पिढ्यांचा विश्वास. थोरल्या शेठनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"छान आहे. कुणाच्या दुकानाबद्दल आहे?"

"आपल्याच, शेठ."

"असं? मला वाटलं, ह्या दुकानात कधी काही चुकलंच नाही. इतिहास तिकडे आहे." त्यांनी कपाटाकडे हात केला. "तेच न्यायचं."

धाकटे शेठ हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही.

"काका, कपाट सलमाबादच्या गोडाऊनमध्ये नीट ठेवू. पण मॉलच्या दर्शनी जागेत आपणच आपल्या चुका मांडायच्या?"

"कपाट जाणार नसेल तर मीही जाणार नाही. शटर उघडायला दुसरा माणूस बघ."

आठवडाभर दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. शेवटी धाकट्या शेठनी मार्ग काढला. कपाट येऊ दे, पण प्रत्येक वस्तूपुढे कार्ड पाहिजे. "ती खालची किल्ली नुसतीच पडलेली आहे. लोक विचारतील. एक तर कार्ड लावा, नाहीतर ती काढा. रविवारी सामानाचा ट्रक येतोय, तोपर्यंत सांगा."

नियम थोरल्या शेठच्या वडिलांचाच होता. थोरल्या शेठनी अट मान्य केली.

सोमवारी त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ते कधी दार लावत नसत.

"लिही," ते म्हणाले. "साप्ताहिक सुट्टीमुळे विलंब झाला." मी टाईप केलं. त्यांनी कार्ड वाचलं आणि फाडलं. "लिही, निरोप वेळेवर पोचला नाही." तेही फाडलं. अशी चार कार्डं गेली. पाचव्या वेळी त्यांनी खिशातून खजुराच्या सगळ्या बिया काढून टेबलावर ठेवल्या आणि मला सरळ हकीकत सांगितली.

मी यायच्या खूप आधीची गोष्ट. तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट दुकानाच्या तिजोरीत असत, आणि कपाटातली ती किल्ली त्याच तिजोरीची. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दुकान बंद व्हायचं आणि शनिवारी, ज्यू लोकांच्या विश्रांतीच्या दिवशी, उघडायचं नाही. शेठ त्या दिवशी कामाचा शब्द काढत नसत आणि घरच्या नोकराला कायमची ताकीद होती, दुकानाचं कुणी आलं तर सांगायचं, उद्या. अशाच एका शुक्रवारी दुकान बंद झाल्यावर भाईंना गावाहून तार आली, की वडील जाण्याच्या वाटेवर आहेत. मुंबईचं विमान शनिवारी दुपारी, त्यानंतरचं थेट मंगळवारी. शनिवारी सकाळी भाई शेठच्या घरी गेले. नोकर म्हणाला, उद्या. भाई परत गेले. रविवारी त्यांना पासपोर्ट मिळाला, मंगळवारचं विमान मिळालं, पण ते गावी पोचायच्या आधी वडिलांना माती दिलेली होती.

"रविवारी त्यानं मला तार दाखवली तेव्हा मी म्हटलं, अरे, मला कुणी सांगितलंच नाही. तो म्हणाला, असू दे, शेठ." शेठनी कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "आता लिही. शनिवारी सकाळी खाली दारात आवाज आला. मी ओळखला. मी खाली गेलो नाही. पासपोर्ट माझ्या तिजोरीत होता, आणि त्यामुळे त्याला वडील भेटले नाहीत."

"शेठ, तुम्ही आवाज ऐकला होता?"

"ऐकला होता. मला वाटलं, पगार वाढवून मागायला आला असेल."

मी न राहवून म्हटलं, की धर्माचा दिवस होता, तुमचा नाइलाज होता.

"माझ्या दिवसाला नावं ठेवू नकोस. माझे वडील असते तर जिना उतरून गेले असते आणि दिवस तसाच पवित्र राहिला असता. आणि दुसऱ्याचा पासपोर्ट कुलपात घाल, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? ते माझं होतं."

सही करून ते कार्ड घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. ते जिन्यानं उतरले आणि कापडाच्या काउंटरपुढे, गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला, उभे राहिले. भाईंनी कात्री ठेवली, चष्मा लावला आणि कार्ड वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"तुम्ही ऐकलात?"

"हो."

"मी इतकी वर्सा समजत होतो, तुमच्यापर्यंत पोचलाच नाय." भाईंचा आवाज चढला नव्हता. "त्या नोकराला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. तो मेला तेव्हा मी माफ केला त्याला. आणि तुम्ही वर बसून ऐकत होतात."

"हो."

"मग आता कशाला सांगताव? तुमच्या कपाटासाठी?"

"कपाट गोडाऊनमध्ये गेलं तरी चालेल," शेठ म्हणाले. "तू सही करू नकोस. पण आता हे तुला माहीत आहे, ते मी परत घेणार नाही."

भाईंनी कार्ड उलटं करून काउंटरवर ठेवलं आणि थांबलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले. "बोला बाय, किती मीटर?"

सोमवार ते शुक्रवार भाई वेळेवर आले, वेळेवर गेले. शेठशी एक अक्षर बोलले नाहीत. शेठ रोज जिन्यानं खाली उतरून काउंटरसमोरून एकदा जात, थांबत नसत, पण जायचं चुकवत नसत. कार्ड तिथेच उलटं पडलेलं होतं. धाकट्या शेठनी मला विचारलं, नक्की काय चाललंय. मी सांगितलं, की मला सांगता येणार नाही. शुक्रवारी मी आजोबांना म्हटलं, भाई बहुतेक नोकरी सोडणार. आजोबा म्हणाले, "पासपोर्ट त्यांच्याकडेच आहे ना? मग सोडू शकतात."

रविवारी ट्रक दाराशी लागला. हमाल कपाटातल्या वस्तू कागदात गुंडाळायला लागले होते. शेठ खुर्चीत बसून होते, त्या दिवशी मीटरपट्ट्यासुद्धा तपासल्या नव्हत्या. भाई वर आले आणि शेठकडे न बघता माझ्या टेबलापुढे उभे राहिले. हातात ते कार्ड होतं.

"बाय, ह्या कार्डात चूक आहे."

शेठनी मान वर केली.

"इथे लिवलाय, त्याला वडील भेटले नाहीत. वडील म्हणजे कोण? गावात माझ्या बापाला नाव होता. बंदरावर माणसा त्याला नावानं हाक मारीत. ह्या दुकानात तीस वर्सांत एकानं विचारला नाय, तुझ्या बापाचा नाव काय म्हणून. आधी नाव टाक. मग सही."

मी टाईपरायटरमध्ये नवं कार्ड घातलं. भाईंनी नाव सांगितलं, वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं आणि गावाचं. मी एकेक अक्षर विचारून टाईप केलं. शेठ उठून आले. त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि नाव मोठ्यानं वाचलं. भाई म्हणाले, "असा नाय." त्यांनी म्हणून दाखवलं. शेठनी पुन्हा वाचलं, पुन्हा चुकलं. हमाल थांबले, धाकटे शेठ दारात येऊन उभे राहिले. चौथ्यांदा ते नाव खेडला म्हणतात तसं उमटलं.

"आता बरोबर," भाई म्हणाले. शेठनी नव्या कार्डावर सही केली. तिच्याखाली भाईंनी केली, वेळ घेऊन, पूर्ण नावाची.

माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी एकमेकांची माफी मागितली नाही, की दिली नाही. नियमाप्रमाणे त्यानंतर त्याबद्दल कुणी बोलायचं नव्हतं, आणि कुणी बोललं नाही. नव्या दुकानात मोठी तिजोरी आली. तिच्यात पासपोर्ट ठेवावेत का, असं एका मॅनेजरनं एकदा विचारलं, तेव्हा धाकटे शेठच म्हणाले, "आमच्याकडे तशी पद्धत नाही."

कपाट कुठे ठेवायचं हे मात्र भाईंनी सांगितलं. माझ्या काउंटरशेजारी, ते म्हणाले. आम्ही बहारीन सोडेपर्यंत ते तिथेच होतं. मॉलमध्ये हिंडणारी माणसं थबकायची, रबरी पिशवीला हसायची, माझ्या अंड्याच्या कपाला हसायची, आणि खाली वाकली की कुणीतरी हमखास विचारायचं, "ही किल्ली कसली?"

भाई कापड मोजता मोजता, वर न बघता म्हणायचे, "कार्ड आहे ना, वाचा. मोठ्यानं वाचा."